पोचा आलेला माईक आणि बयाबाईची हाळी

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मला माणसांच्या तोंडाची किळस येते. तुम्हाला राग आला असेल, तर घटकाभर माझ्या जागी उभे राहून पाहा. ज्याला नाक नाही त्यालाही वास यावा, इतक्या जवळून मी माणसे पाहिली आहेत. तुम्ही माणसांचे चेहरे बघता. मला दिसतात दात, हिरड्या, जिभेवरचा थर आणि मागे लोंबणारी पडजीभ.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. पोटात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, तिच्यापुढे कागदाहून पातळ पडदा, वरून पोलादी जाळी आणि जाळीवर काळ्या स्पंजाची टोपी. कारखान्यातल्या एका मुलीने मला तोंडासमोर धरून "एक, दोन, तीन" असे म्हणून पाहिले. तिचे हात स्वच्छ होते आणि तोंडाला बडीशेपेचा वास होता. जग असेच असणार, असे मला वाटले. मी तेव्हा फार लहान होतो.

मला विकत घेतले सांगलीच्या बाळासो मंडपवाल्याने. पुढची नऊ वर्षे मी लग्ने, बारशी, सत्कार आणि सभा यांत काढली. माणसाने माईक हातात घेतला की तो आधी काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो त्यात फुंकतो! फू, फू, आणि मग "हॅलो, हॅलो". तुमच्या तोंडावर कुणी असे फुंकले तर तुम्ही त्याच्या कानाखाली आवाज काढाल. मी मात्र ती फुंकर मोठी करून हजार माणसांना ऐकवत असे. कुणी तपकीर ओढून यायचा, कुणी गुटख्याचा तोबरा भरून. पुढाऱ्यांचे भाषण पाऊण तास चालायचे आणि माझी टोपी पहिल्या पाच मिनिटांत ओली व्हायची. कार्यक्रम संपला की बाळासो मला तसाच पेटीत टाकायचा. त्या ओलसर पेटीत मी, माझे भाऊबंद आणि आमचा कुबट वास, असे आम्ही पुढच्या मुहूर्तापर्यंत पडून राहत असू.

कोरेगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना मंगलाष्टक म्हणायची हौस आली. 'शुभमंगल' या शब्दाला त्यांना अशी शिंक आली की मी हातातून सुटलो आणि जात्याच्या दगडावर आपटलो. माझ्या जाळीला डाव्या बाजूने पोचा आला. तेव्हापासून मोठा आवाज आला की माझ्या पोटात बारीक 'खर्र' होते. मामांनी मला उचलले, सदऱ्याला नाक पुसले आणि राहिलेले मंगलाष्टक पुरे केले.

पुढे बाळासोने बिनतारी माईक आणले आणि आम्हा जुन्यांना दान केले. म्हणजे टाकायचे ते दिले आणि हार घालून फोटो काढला. मी पोचलो आटपाडीजवळच्या एका माळावर, 'रेडिओ हाळी' नावाच्या छोट्या रेडिओ केंद्रात.

मित्रांनो, हाळी म्हणजे लांबून दिलेली साद. या बाजूला ती मेंढपाळ देतात. त्यांच्या प्रत्येक कळपाला आपल्या माणसाची हाळी ओळखू येते आणि दुसऱ्याच्या हाळीला मेंढरू कानही हलवत नाही. केंद्र एका संस्थेचे होते आणि ते चालवायचे रामगोंडा काका. काका मूळचे सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातले, निवृत्त मास्तर. शिस्तीचे आणि सरळ, पण मोबाईल फोनशी त्यांचे फारसे जमत नसे. त्यांच्या हाताखाली यंत्रे सांभाळायला सांगलीची प्राची होती, इंजिनिअरिंग शिकलेली. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना आतून घोंगड्या टांगलेल्या होत्या. आल्या दिवशी प्राचीने माझी टोपी काढली, हुंगली आणि तोंड वाकडे केले.

"ई! काका, ह्यात काय काय मेलंय बघा," ती म्हणाली आणि तिने टोपी साबणाने तीनदा धुतली. पाणी पहिल्यांदा तपकिरी निघाले, दुसऱ्यांदा पिवळे. नऊ वर्षांनी मला कुणीतरी अंघोळ घातली होती. त्या दिवसापासून प्राची म्हणजे माझी आई.

त्याच आठवड्यात काकांनी हाळी द्यायला बोलावलेली बयाबाई नावाची मेंढपाळ म्हातारी आली. हिरवे लुगडे, गुडघ्याला बांधलेले फडके आणि हातात काठी. तिने मला मुठीत असे धरले की आता ही मला कुत्र्यावर भिरकावणार, असेच मला वाटले. मग तिने तोंड उघडले. मित्रांनो, मिश्री! भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बायका दातांना लावतात, तिचा जळका, कडू, थुंकीत भिजलेला दर्प माझ्या जाळीतून थेट पडद्यावर आला. गुटखा बरा, तपकीर बरी, असे मला झाले. प्राचीने नुकतीच धुतलेली माझी टोपी तेवढ्यात बाद झाली.

आणि मग ती ओरडली. "हुर्रर्र... हुईऽऽ! या गं, भोऱ्ये, काळ्ये, चांद्ये, या, याऽऽ!" प्राचीच्या यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन आपटला, भिंतीवरची एक घोंगडी खिळ्यावरून खाली आली आणि माझ्या पोटात 'खर्र' झाले. समोरच्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारायची सवय, तिला माईक कशाला हवा होता! प्राचीने मला तिच्यापासून दोन हात लांब ठेवले. मी मनोमन तिचे आभार मानले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला बयाबाईचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवात तिच्या हाळीने, मग रानात गेलेल्या माणसांसाठी निरोप. इकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून पश्चिमेला पाटण, कोरेगावकडे जातात. तिथले शेतकरी त्यांची मेंढरे आपल्या रानात बसवून घेतात, म्हणजे लेंडीखत जमिनीत पडते आणि मेंढपाळाला धान्य मिळते. कुणाचे रान रिकामे आहे, कुणाच्या रानात औषध फवारले आहे, कुणाची म्हैस व्याली, कोण आजारी आहे, हे सगळे बयाबाई सांगायची. तिला वाचता येत नव्हते, पण चाळीस निरोप ती न चुकता सांगायची.

तिचा स्वतःचाही कळप होता. तीस वर्षे ती आणि तिचा नवरा आकाराम ती मेंढरे घेऊन हिंडले. मग आकाराम वारला आणि हिचा गुडघा गेला. मुलगा मल्हार परमुलखात सोन्याच्या गलाईच्या धंद्यात होता, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याच्या. तो भट्टी सोडून परत आला आणि बायको संयोगिताला घेऊन कळपामागे निघाला. पण मेंढरांना त्याची हाळी पटेना. ती बयाबाईच्या आवाजावर वाढलेली होती. मल्हार घसा फोडून बोलवायचा आणि भोरी नावाची म्होरकी मेंढी त्याच्याकडे वळूनही बघायची नाही. मल्हारने आईला सांगून टाकले होते, "आये, गुडीपाडव्यापर्यंत बगतो. न्हाईच आली वळणावर, तर इकून टाकतो समदी आन् परत भट्टीवर जातो." बयाबाई त्याला थांब म्हणाली नाही. पण ती मेंढरे म्हणजे तिचा आणि आकारामचा सगळा जन्म होता, आणि ती हाळी देताना मला ते रोज ऐकू यायचे.

आता आमच्या केंद्राची अडचण ऐका. आमच्या टॉवरचा आवाज पंधरा किलोमीटर जायचा, फार तर वीस. बिऱ्हाडे दिवाळीनंतर निघाली की तिसऱ्या मुक्कामाला रेडिओवर नुसती खरखर. रानातल्या माणसांसाठी हाळी, आणि ती ऐकायची घरी राहिलेली म्हातारी माणसे! वर्षातले सात महिने बयाबाई ज्यांना बोलवत होती, ते सोडून बाकी सगळा तालुका तिला ऐकत होता.

अशात एका कंपनीचा माणूस आला. कुठल्या शहरातली कंपनी, ते कुणालाच नीट कळले नाही. त्यांच्या ॲपमध्ये म्हणे शेकडो रेडिओ एकाच जागी ऐकू येत. "तुमचाही घालतो, फुकट," तो म्हणाला. तोंडात वेलदोडा होता, पण मला त्याच्याही तोंडाचा विश्वास वाटला नाही. फार गोड वास येत होता. रामगोंडा काकांनी सही केली.

पहिले काही दिवस खरोखर चांगले गेले. मल्हारने फोन पिशवीत घालून घोड्याच्या गळ्यात बांधला. सहा वाजता पाटणच्या डोंगरात बयाबाईची हाळी वाजली आणि सगळी मेंढरे घोड्याभोवती गोळा झाली. संयोगिताने फोन करून हे सांगितले तेव्हा बयाबाईने मला पदराने पुसले. पदरालाही मिश्रीचाच वास होता, पण आपले कौतुक होते आहे हे मला कळले. तिची हाळी एकदाच रेकॉर्ड करून ठेवावी, असे मल्हारच्या मनातही आले नाही. आई रोज ताजी बोलते, तर शिळी कशाला साठवायची, असे तो म्हणायचा.

मग एके संध्याकाळी बयाबाईने निरोप दिला, "ज्योतिबा, बाळा, आसशील तितनं घराकडं ये. तुझा बा सकाळी गेला." तो निरोप ॲपवर नीट जातो का, हे प्राची आपल्या फोनवर ऐकत होती. रेंज जरा तुटली आणि परत जोडली गेली. त्या कंपनीच्या ॲपची रीत अशी, की परत जोडताना आधी जाहिरात. पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात होती. फटाक्यांची माळ, नाण्यांचा खळखळाट आणि एका बाईचा लाडिक आवाज, "अभिनंदन! तुम्ही जिंकलात!"

प्राचीने फोन टेबलावर आपटला. मी नऊ वर्षे गुटखा सोसला, शिंका सोसल्या, पण एवढी घाण माझ्या जाळीवर कधी पडली नव्हती. मेलेल्या माणसाच्या निरोपावर कुणीतरी परक्याने पचकन थुंकावे आणि ती थुंकी आमच्या नावावर खपावी!

"काका, आपलं स्वतःचं ॲप काढूया," प्राची म्हणाली. "ह्यांच्या दारातनं आपला आवाज गेला की तो ह्यांचा होतो. मधी काय घालायचं ते हेच ठरवणार. आपल्याला कोण ऐकतंय हेसुद्धा ह्यांनाच माहीत, आपल्याला पत्ता नाही."

"आगं पोरी, फुकट हाय की ते," काका म्हणाले. "आपलं आपलं काढायचं म्हंजे निस्ता ताप. कंपनीला एक पत्र टाक, कडक भाषेत."

प्राचीने पत्र टाकले. उलट उत्तर आले की आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे. माझ्यासमोर थापा मारणारी पुष्कळ तोंडे आली आहेत, पण तोंड नसतानाही कुणी थापा मारू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ते घडले. मल्हारचा कळप पाटणजवळ डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात बसायला निघाला होता. सहा वाजले. घोडा पलीकडे उभा होता आणि घोड्याच्या गळ्यातून बयाबाईची हाळी सुरू झाली. भोरी पुढे झाली आणि मागून सगळा कळप रस्त्यावर उतरला. अर्धी मेंढरे रस्त्यात असताना रेंज तुटली. मग रेंज परत आली. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, आणि त्यातून फटाक्यांची माळ फुटली. मेंढरे उधळली, ती वळणाच्या दिशेने. वळणावरून ट्रक येत होता.

सात मेंढरे गेली, त्यांत दोन गाभण. हाळीत जिचे नाव होते ती चांदीही गेली. हे सगळे मल्हारने दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिताच्या फोनवरून स्टुडिओत सांगितले, म्हणून मला ठाऊक. फोन स्पीकरवर होता. रामगोंडा काका, प्राची आणि बयाबाई तिघेही माझ्यासमोर बसले होते.

"आन् काका," मल्हार म्हणाला, "मी रस्त्यातनं चांदीला वडत हुतो, आन् ती फोनमधली बाई म्हनत हुती, अभिनंदन, तुमी जिंकलात. तीनदा म्हनली. मी फोन दगडावर हाणला."

मला माझ्या सगळ्या तारा उपटून टाकाव्याशा वाटल्या. ज्या जाळीतून तिची हाळी गेली ती माझी होती. मेंढरे विश्वासाने रस्त्यावर उतरली, ती माझ्यातून गेलेल्या आवाजावर. आजवर मला माणसांची किळस यायची. त्या सकाळी मला स्वतःची आली.

बयाबाई उठली. "माज्या हाळीनं मेली ती," ती म्हणाली. "मी बोलीवलं म्हनून आली. आता मी न्हाई वरडणार ह्यात." तिने मला हलकेच बाजूला सारले आणि काठी टेकत निघून गेली.

रामगोंडा काकांनी कपाटातून कंपनीचा सही केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. ज्या घरात सांजवेळी दिव्यावर पाखरू येऊन जळेल म्हणून दिवा जपून लावतात, त्या घरातला तो माणूस. "प्राची, सही माझी हुती," ते म्हणाले. मग त्यांनी हात जोडले आणि नियम घेतला. जैन माणूस नियम घेतो म्हणजे एखादी गोष्ट सोडतो आणि मग ती जीव गेला तरी तोंडात घालत नाही. "आपलं स्वतःचं दार हुईपर्यंत, आन् त्यातनं बयाबाईची हाळी मेंढरांना पोचंपर्यंत, मला गोड वर्ज्य. च्यात साखरसुद्धा न्हाई." ज्या माणसाला दुपारी गुळाचा खडा लागल्याशिवाय बातम्या वाचता येत नसत, त्याने हे म्हटले.

त्याच दिवशी त्यांनी कंपनीला तिच्या ॲपमधून आमचे केंद्र काढून टाकायला लावले. प्राचीने सांगलीतल्या आपल्या वर्गमित्राला, भरतेशला, बोलावून घेतले आणि दोघांनी माझ्यासमोरच्या टेबलावर बसून सहा आठवडे काम केले. काका बिनसाखरेचा चहा पीत मागे उभे राहायचे आणि मास्तरांसारखे प्रश्न विचारायचे.

"रेंज गेली तर?"

"आजचा कार्यक्रम फोनमध्ये आपोआप साठून राहतो, काका. रेंज गेली तरी हाळी तुटत नाही."

"आन् मधी कोन बोलंल?"

"आपल्याशिवाय कुणीही नाही. जाहिरात घ्यायची झाली तर ती आपण निवडायची, पेंडीची, बियाण्याची, आणि निरोपांच्या वेळेत एकही नाही."

"आन् ऐकणारं माणूस उलट काय बोललं, तर आपल्याला ऐकू यील?"

भरतेशने मान वर केली. हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. त्याने ॲपमध्ये एक मोठे बटण घातले. ते दाबून बोलले की ऐकणाऱ्याचा आवाज थेट स्टुडिओत येणार. मित्रांनो, मी जन्मभर एकाच दिशेने बोलत आलो होतो. पलीकडून कधी उत्तर येईल, हे मलाही सुचले नव्हते.

ॲप सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात प्राचीने काकांना नकाशा दाखवला. आटपाडीत माणसे ऐकत होती, पाटण-कोरेगावात ऐकत होती, हे ठीक. पण पार दक्षिणेतल्या आणि बंगालकडच्या शहरांतही ठिपके होते. ती सगळी गलाईवाली मुले, भट्टीसमोर बसून गावाकडचे निरोप, आता काका वाचत ते, ऐकणारी. बर्फाळ सरहद्दीवरून एका जवानाने बटण दाबून म्हटले, "काका, आईला सांगा, आपला रेडिओ हाळी इथं पन येतो." काकांनी चष्मा काढून पुसला. इतके दिवस हे सगळे लोक कुणा परक्याच्या वहीत नोंदले जात होते आणि आम्हाला वाटत होते की आमचे कुणी ऐकतच नाही.

माझे काय झाले, ते विचारू नका. नवीन ॲपबरोबर नवीन माईक आला. चकचकीत, लांब दांड्यावर, खाली जाळीदार झुला. मला टेबलाखालच्या खोक्यात टाकले. खोक्यात तुटकी रबरे होती, वाळलेला डिंक होता, झुरळांची घाण होती आणि एक मेलेली पाल होती. उंदराने माझी टोपी कुरतडून तिचे घरटे केले. पाल दिवसेंदिवस चपटी होत गेली. मी ते सगळे पाहत पडून राहिलो. ज्या प्राचीला मी आई मानले, तिचा पाय रोज खोक्याला लागायचा.

पाडवा आठ दिवसांवर आला. मल्हारने नवीन फोन घेतला होता, आमचे ॲपही घातले होते, पण मेंढरे आता फोनच्या पिशवीला भ्यायची. घोडा जवळ आला की पांगायची. एका व्यापाऱ्याला त्याने शब्दही देऊन ठेवला होता. प्राची बयाबाईच्या घरी गेली आणि तिला घेऊन आली. कशी आणली, कोण जाणे.

बयाबाईने विचारले, "ह्यात दुसरं कोन बोलणार न्हाई न्हवं?"

"नाही, आजी. शप्पत."

तिने नव्या माईकसमोर हाळी दिली. मी खोक्यातून ऐकत होतो. आवाज गोल, गुळगुळीत, कुठेही खरखर नसलेला. थोड्या वेळाने मल्हारचा आवाज आला, "आये, माना वर केल्या त्यांनी. पन हालली न्हाईत." दुसऱ्या दिवशीही तसेच. भोरी म्हणे घोड्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवती लावायच्या जाळीच्या, मागे जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी बयाबाईने नव्या माईकला हात लावला आणि मान हलवली. "ह्यो माजा आवाज न्हाई, पोरी. ह्यो धुतल्याला आवाज हाय. भोरीनं ह्यो कवा ऐकलाय? फोनमदनं ती माजी हाळी ऐकत हुती ती त्या चेपल्याल्यातनं. कुटं हाय त्यो?"

प्राचीने काकांकडे बघितले. मग ती वाकली आणि तिने खोके ओढले. माझ्या अंगाला चिकटलेली पाल तिने चिमटीत धरून बाहेर फेकली, "शी, शी" करत. टोपी नव्हतीच. तिने माझी नुसती जाळी ओल्या फडक्याने पुसली आणि मला तारेला जोडले.

टोपी नसलेल्या माझ्यासमोर बयाबाईने तोंड आणले. मिश्री थेट पडद्यावर आली.

"हुर्रर्र... हुईऽऽ! या गं, भोऱ्ये, काळ्ये..." ती थांबली. चांदीचे नाव तिच्या ओठांवर आले होते आणि ती चांदी आता नव्हती. मग तिने आणखी जोर लावला, "या, याऽऽ!" आणि माझ्या पोटात 'खर्र' झाले.

आम्ही वाट बघत बसलो. काकांच्या हातातला बिनसाखरेचा चहा गार झाला. मग बटणाची बारीक घंटा वाजली आणि प्राचीने आवाज मोठा केला. आधी नुसत्या खुरांचा आवाज आला, खूप खुरांचा. मग घोड्याची घंटा, कोकरांचे ओरडणे आणि त्या सगळ्यातून मल्हारचा फाटलेला आवाज.

"आये... आये, आली गं! भोरी म्होरं हाय. घोड्याच्या पायात शिरल्यात समदी. आये, मी न्हाई इकत, ऐकतीस न्हवं?"

बयाबाई रडली आणि तिने नाक पुसले, ते माझ्या तारेवर. रामगोंडा काका म्हणाले, "बयाबाई, उद्या येताना गुळाचा खडा आणा. माझा नियम सुटला."

मित्रांनो, मी आता टेबलावर असतो. बाकीचे कार्यक्रम नवा माईक करतो आणि सहाची हाळी मी. तुम्हाला काही सांगायचा मला अधिकार असेल, तर एवढेच सांगेन. आपल्या माणसांना हाक मारायची असेल, तर ती आपल्या दारातून मारा, फुकट मिळते म्हणून परक्याच्या ओसरीवरून मारू नका. मध्येच कोण काय बोलेल आणि त्यात कुणाचे काय जाईल, ते तुमच्या हातात राहत नाही. जुन्या वस्तूंना मेलेल्या पालीशेजारी ठेवू नका. माईकमध्ये फुंकू नका. आणि बोलण्याआधी चूळ भरा, हात जोडून सांगतो.

बयाबाई चूळ भरत नाही. रोज मिश्री लावूनच येते, आणि प्राचीने नवी टोपी आणली तर "ती नगं, भोरीला कळायचं न्हाई" म्हणून काढून ठेवते. मला अजूनही तितकीच किळस येते. पण पावणेसहा झाले आणि दारात काठीचा आवाज आला नाही, तर मला करमत नाही.